मेन स्विच

१२ फेब्रुवारी

दादा,

आधीच सांगते, चुका खूप असतील. शाळा सोडल्यापासून मी फक्त अर्जांवर नावं आणि पत्ते टाईप केलेत, तेही एका बोटाने. आत्तासुद्धा एकेक अक्षर शोधत बसलेय, तुझं वाचून होईल तेवढ्यात माझी एक ओळ होते. फोनवर म्हणे नुसतं बोललं की आपोआप लिहिलं जातं. पण आपल्या घरात सध्या बोलायला बंदी आहे. तेच सांगायला लिहितेय.

तू सारखा फोन करतोस आणि आई सारखा कट करते. राग धर नाहीतर धरू नकोस, पण फोन करू नकोस.

काकाने तुला ऑपरेशनचं सांगितलं असेल. सुरुवात कशी झाली ते नसेल सांगितलं, कारण ते सांगताना हसू येतं. बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू आपल्याकडे गाडी शिकायला यायच्या. बाबांना म्हणायचं होतं ब्रेक, आणि तोंडातून निघालं एक्सिलरेटर. दाबा, दाबा, जोरात दाबा. काकूंनी दाबला. मास्तरांचं न ऐकायची कुणाची छाती आहे? गाडी लॉन्ड्रीच्या शटरवर. पण त्याच वेळी बाबांचा स्वतःचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, म्हणून शटरला नुसता पोचा आला. म्हणजे पायाला बरोबर कळलं होतं, तोंडाला नव्हतं. मग ते खाली उतरून भर रस्त्यात काकूंना झापत राहिले. नोटा मोजायच्या मशीनलासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त अक्कल असते, वगैरे. काकू हळूच म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच तर म्हणालात. लॉन्ड्रीवाला खो खो हसला. काही दिवसांनी बाबा स्टिअरिंगला छत्री म्हणाले, तेव्हा कुणी हसलं नाही.

गाठ डाव्या बाजूला आहे, बोलण्याच्या रस्त्यांवरच ठाण मांडून बसलीये. डॉक्टरांनी जमली तेवढी काढली. सगळी काढायला गेलो असतो तर बोलणंही तिच्याबरोबर गेलं असतं, म्हणाले. मग रेडिएशनचे शेक झाले, आता गोळ्या चालू आहेत. शब्द अडतात, चुकतात, पण येतात. आले होते.

त्या हॉस्पिटलात एक बाई आहेत, आम्ही त्यांना नकाशावाली म्हणतो. त्या औषध देत नाहीत, संशोधन करतात. माणसाला मोठ्या मशीनमध्ये झोपवायचं आणि सांगायचं, काही करू नका, नुसते पडून राहा. तेव्हा मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी आपसात बोलतो, त्याचा त्या नकाशा काढतात. आणि गाठ त्या जाळ्यात शिरून काय करते ते बघतात. बाबांना म्हणाल्या, कसलाही विचार करायचा नाही. बाबा म्हणाले, मॅडम, लग्नापासून बायको हेच सांगतेय. नकाशावालीला बाबा फार आवडले. लोकांना आवडतातच ते, घरी न्यायचे नसतात ना.

तिने पडद्यावर रंगीत रेघा दाखवल्या. बाबांनी विचारलं, यात सिग्नल कुठेय. मग म्हणाले, सोपं करून सांगा, मी गाडीवाला माणूस. ती म्हणाली, पूर्वी वाटायचं गाठ म्हणजे रस्त्यात पडलेला दगड. आता कळतंय की ती दगड नाही, ती जाळ्याला जोडून घेते. तारेवर आकडा टाकून वीज चोरतात ना, तशी. मेंदूतल्या करंटवर ती पोसते. उंदरांमध्ये आम्ही हे पाहिलंय.

 आईने एकच विचारलं. "म्हणजे डोकं जितकं चालेल, तितकी ही वाढणार?"

नकाशावाली म्हणाली, तसं म्हणता येईल, पण. आणि तिला कुणीतरी हाक मारली, ती उठून गेली.

टॅक्सीत आई बाहेर बघत म्हणाली, "चोर आकडा टाकून बसला तर काय करतात? मेन स्विच बंद करतात."

मला वाटलं बाबा आता तिची सालटी काढतील. नाही काढली. घाबरलेत रे ते. आपल्या बाबांना घाबरलेलं तू कधी पाहिलं नाहीयेस, चेहरा वेगळाच दिसतो, लहान होतो. घराच्या दारात ते थांबले आणि मला म्हणाले, "स्टेपनीला सांग. मेमध्ये डोक्याचा फोटो काढतील. गाठ बारीक झाली की त्याच्याशी बोलायचंय. पुष्कळ बोलायचंय." तू स्टेपनी आणि मी सायलेंसर, अजून तीच नावं. स्टेपनीला आधी ते चाक म्हणाले, मग टायर म्हणाले, मग सापडला शब्द. आत आले, चपला काढल्या आणि तेव्हापासून बोललेले नाहीत.

तर तू मेपर्यंत थांब. आईचं म्हणणं आहे की बाबांचं डोकं सगळ्यात जास्त तापतं ते तुझ्यामुळे.

सायलेंसर


३ मार्च

दादा,

तू लिहिलंस की हा शुद्ध वेडेपणा आहे, कुठल्याही डॉक्टरला विचारा. मग विचार ना. हॉस्पिटलचा नंबर मी खाली लिहिलाय. तुला तर बोलायला बंदी नाही.

तुला वाटतंय आईने बाबांना कोंडून ठेवलंय. तसं नाही. ते स्वतःहून बसलेत. लोक उपास करतात तसे ते शब्दांचे उपास करतायत. टीव्हीवर चादर टाकलीय. पेपर बंद. पडदे बंद, कारण रस्ता दिसला की ते मनातल्या मनात लोकांची गाडी चालवायला लागतात, आणि तेही डोकंच वापरणं झालं, असं आई म्हणते. लिहूनही काही सांगायचं नाही. पाणी हवं तर पेला उपडा करतात. नको असलं तर डोळे मिटतात. हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती, रोज एकेक दाखवायचं आणि बाबांनी नाव सांगायचं. ती आईने कपाटावर टाकलीत. सगळ्यात वरच्या कार्डावर आंबा होता. मला दिसतो तो अजून, पलंगावर उभं राहिलं की.

दुपारी झोपेत बाबा बडबडायचे. आई हलवून जागं करायची. मग बाबांनीच हाताने खूण केली आणि चिकटपट्टी मागितली. आई लावते, उठले की काढते. काढताना मिशी ओढली जाते, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आता मिशी काढून टाकलीय.

आई मात्र बोलते. स्वयंपाकघरात, हळू आवाजात, भांड्यांशी. परवा म्हणाली, पंचवीस वर्षांनी या घरात माझं मला ऐकू आलं. आणि ती छान दिसतेय दादा, खरंच. गाल भरलेत.

मी खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटतंय. तुला आठवतं ना, शिकायला आलेल्या लोकांसमोर ते माझी नक्कल करायचे. मी ब म्हणताना अडते ते माहीत असून विचारायचे, सायलेंसर, सांग यांना, मधला पेडल कुठला? आणि मी ब ब ब करत उभी. लोकांना हसायचं नसायचं, पण मास्तर हसले की हसावं लागायचं. वर्गातही तसंच व्हायचं, म्हणून तर शाळा सुटली. आता मी त्यांच्यासमोर बसून जेवते आणि कुणी काही म्हणत नाही. घासाला चव असते हे मला या वर्षी कळलं.

आईने मलाच त्यांच्यासोबत बसवलंय. म्हणाली, तू असून नसल्यासारखी, तुझ्याने त्यांचं डोकं चालणार नाही.

तू विचारलंस बाबा तुझ्यावर अजून रागावलेत का. मला काय माहीत? त्या दिवशी बायपास रोडवर काय झालं ते तुम्हा दोघांना माहीत. मला फक्त तू घरी येऊन बॅग भरलीस ते माहीत. आणि मागच्या सीटवरच्या शिकाऊ पोराने सगळ्या बाजारात सांगितलं ते, की मास्तरांनी भर उन्हात गाडी थांबवली आणि स्वतःच्या मुलाला म्हणाले, उतर खाली. आणि तू उतरलास. आणि गाडी गेली. तू उतरलास ते ठीक, पण मागे वळून मलाही न्यायचं होतंस ना. असू दे.

मेची तारीख मिळाली की कळवते.


५ एप्रिल

तू येतो म्हणतोस. येऊ नकोस.

तुझं तिकीट रद्द कर. तू नुसता दिसलास तरी बाबांना सगळं आठवेल, आणि आठवणं म्हणजे डोक्यात करंट. आईने साफ सांगितलंय की तू दारात उभा राहिलास तर ती दार उघडणार नाही, आणि गाठ वाढली तर जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडेल. त्यांनी एवढे दिवस तोंड शिवून काढलेत ते कशासाठी? तुझ्याशी बोलायला. आता शेवटाला येऊन वाटोळं करू नकोस.

ते रोज खूण करतात. अंगठा आणि करंगळी कानाला, मग तुझी उंची दाखवतात, मग हाताने सांगतात, नंतर, नंतर.

हॉस्पिटलात फोन केलास का ते लिहिलं नाहीस. म्हणजे नसशील केला.


२० मे

दादा,

फोटो झाला. गाठ वाढली आहे. दुसऱ्या बाजूलाही गेली आहे.

बाकी ठीक.


२८ मे

दादा,

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर लिहून काय होणार होतं म्हणून गप्प होते. आज लिहून टाकते, मग तू मला जे म्हणायचं ते म्हण.

त्या दिवशी फोटो बघून मोठ्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. नकाशावालीनेही बाबांना परत मशीनमध्ये झोपवलं होतं. बाहेर आल्यावर ती बाबांशी गप्पा मारायला लागली, काय मास्तर, कुठले रस्ते बंद, कुठले चालू. बाबा आईकडे बघत राहिले. परवानगी मागतात तसे. नकाशावालीने विचारलं, बोलत का नाहीत? व्यायाम करताय ना रोज?

आईने ताठ मानेने सांगितलं. सगळं. फेब्रुवारीपासून शब्दसुद्धा नाही. पडदे, पट्टी, सगळं. तिला वाटलं शाबासकी मिळेल.

नकाशावाली आधी खुर्चीच शोधत होती, खुर्ची तिच्या मागेच होती. मग बाबांना नर्सबरोबर चहाला पाठवलं आणि आम्हाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. तिथे एक पोरगा फरशी पुसत होता, ती त्याचं पुसून होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "अहो, मी उंदरांबद्दल बोलत होते."

तिने हळूहळू सांगितलं. ते खरं आहे, गाठ जाळ्याला जोडून घेते, करंटवर पोसते, आम्ही तो आकडा तोडणारं औषध शोधतोय. पण माणूस गप्प बसला म्हणून मेंदूतला करंट थांबत नाही. गप्प बसायला उलट जोर लागतो. मेंदू झोपेतही चालूच असतो, तो बंद झाला की माणूसच बंद. बोलण्याने गाठ वाढली असती असं नाही आणि न बोलण्याने ती कमी होणार नव्हती. आणि बोलण्याचा एक रस्ता अडला की मेंदू आडवाटेने जायला शिकतो, पण त्या वाटेवर रोज रहदारी हवी. कुणी गेलंच नाही तर वाट मोडते. तुम्ही, असं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, मी वाक्य पूर्ण करायला हवं होतं. माझं चुकलं.

आई म्हणाली, तुमचं काही नाही चुकलं बाई. आणि पदर नीट करून बाबांच्या दिशेने निघाली. दाराशी मला धरून म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे शांततेत जाऊ देत."

कुणाच्या शांततेत, ते मी नाही विचारलं. मी कधी काय विचारते? पण एक बघितलं. आई घरी आली आणि तिने पडदे उघडले नाहीत. टीव्हीवरची चादर काढली नाही. तिला कळलं होतं ना आता? तरी नाही काढली. दुपारी बाबांनी पट्टीसाठी हात पुढे केला आणि तिने लावली. गुळगुळीत करून, कडा दाबून, प्रेमाने लावतात तशी.

फोटो वाईट आला एवढं बाबांना कळलं होतं. ते खाली जाऊन गाडीत बसायला लागले. आपली शिकवायची गाडी, वर पाटी लावलेली. आता बदली मास्तर सकाळी चालवतात, दुपारी ती इमारतीखाली उभी असते. बाबा त्यांच्या सीटवर बसायचे, पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. मी ड्रायव्हरच्या सीटवर. काचा वर. आत रबराचा आणि जुन्या घामाचा वास.

शनिवारी मी त्यांना सांगितलं.

का सांगितलं विचारू नकोस. तुझ्यासाठी नाही. त्यांच्यासाठीही नसेल. त्यांनी जरा आधीच परत ती खूण केली होती, कान, तुझी उंची, नंतर, नंतर. आणि माझ्या डोक्यात आलं की या माणसाने मला आयुष्यात एक वाक्य धड पूर्ण करू दिलं नाही, आणि आज तो मध्ये तोंड घालू शकत नाही. म्हणून मी बोलले. समोरच्या काचेकडे बघत बोलले. "बाबा, गप्प बसून काहीच होत नव्हतं. आईला चुकीचं कळलं. तुम्ही बोलू शकत होता. रोज बोलला असता तर अजून बोलता आलं असतं." एकदाही अडले नाही दादा. ब बाबांचा होता, ब बोलण्याचा होता, सगळे ब आले.

 त्यांचा पाय ब्रेकवर दाबलेला, गाडी बंद असून. मग माझ्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या. मला वाटलं आता शिवी येणार, त्यांच्या सगळ्या शिव्या मला पाठ आहेत, मी तयार बसले होते.

ते म्हणाले, "उतर खाली."

स्पष्ट. खणखणीत. आधीच्यासारखं.

मी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. आणि उतरता येईना, कारण त्यांनी माझी बाही धरली होती. मुठीत, शिवण उसवेल एवढी घट्ट. तोंडाने उतर खाली, उतर खाली, आणि हाताने आत ओढतायत. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मान नाही नाही हलवतायत, आणि तोंड म्हणतंय उतर खाली. ते स्वतःच्या तोंडाकडे असे बघत होते, म्हणजे आपल्याला आपलं तोंड दिसत नाही, पण तसंच बघत होते. शिकाऊ माणसाने भलताच गिअर टाकला की बघायचे तसे.

तेव्हापासून तेवढंच येतं. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या असं होतं कधी कधी, सगळं जातं आणि कुठलं तरी एकच वाक्य मागे राहतं, फार जोरात म्हटलेलं. पाणी हवं, उतर खाली. दुखतंय, उतर खाली. आई अंग पुसते तेव्हा तिला म्हणतात, काका आला त्याला म्हणाले, तो बिचारा खरंच जिना उतरून गेला. मी कपाटावरची कार्डं काढली, धूळ पुसून रोज दाखवते. आंबा. उतर खाली. कंगवा. उतर खाली. ते मन लावून बघतात, आठवतात आणि अगदी वेगवेगळ्या आवाजात म्हणतात. आंब्याचं गोड करून म्हणतात.

आईने पडदे उघडलेत आता. शांतता तर गेलीच. ती दिवसभर ऐकते, उतर खाली, उतर खाली, आणि भांडी आपटते. लग्नानंतर ती घर सोडून निघाली होती ना एकदा, तू पोटात होतास तेव्हा, बाबांनी जिन्यावरून परत आणली होती तिला. काल म्हणाली, तेव्हा असं म्हणाले असते तर मी उतरले असते.

आता तू येणार, मला माहीत आहे. ये. आई दार उघडेल, तिला काही फरक पडत नाही. तू समोर उभा राहशील आणि बाबा तुला तेच म्हणतील. पुष्कळ बोलायचं होतं ते सगळं त्यातच आहे, त्यात काय काय आहे ते तुझं तू शोध, मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही.

आणखी एक. मी नकाशावालीला विचारलं होतं, ही गाठ कधीपासून असेल. ती म्हणाली, अशी गाठ हळू वाढते, वर्षानुवर्षं कळतही नाही. म्हणजे बायपासवर होती. आठव दादा. त्या दिवशी ते उतर खाली म्हणाले तेव्हा त्यांचा हात कुठे होता? तुझी बाही धरली होती का?

मला विचारशील तर नसेल धरली. त्यांना तेच म्हणायचं असेल. ते तसेच होते. पण तू गाडीत होतास, मी नव्हते. तू आठवत बस.

बाकी बातमी म्हणजे, आपण जायचो त्या शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी काल कोसळली. सुट्टी असल्यामुळे कुणी नव्हतं, फक्त खाली ठेवलेल्या सायकली चेपल्या.